अडलेल्या टीमचा टाळ

दर तीन महिन्यांनी गुरुग्राममधल्या आमच्या ऑफिसच्या लांबलचक हॉलमध्ये दोन दिवस भिंतीवर लाल लोकर ताणली जायची. भिंतीवर उभ्या रकान्यांत येणारे पाच-सहा स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे, आडव्या ओळींत टीमची नावं, आणि चौकोनांत चिकटवलेली कार्डं. एका टीमचं कार्ड पुरं होण्याआधी दुसऱ्या टीमचं एखादं कार्ड पुरं व्हायला हवं असेल, तर त्या दोन कार्डांमध्ये लाल धागा. आता ही भिंत स्क्रीनवर गेली आहे आणि धागे माउसने ओढले जातात, पण चित्र तेच आहे. पहिल्यांदा ती भिंत पाहिली तेव्हा मी धागे मोजत बसले. अकरा टीम होत्या. निम्म्याहून जास्त धागे एकाच ओळीत येऊन थांबत होते. ती ओळ ग्राहकाची ओळख आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सात जणांच्या टीमची होती. ते सातही जण भिंतीकडे न बघता जमिनीकडे बघत उभे होते.

एका मोठ्या कामासाठी अनेक छोट्या टीम एकत्र कशा चालवायच्या, या प्रश्नाला गेल्या पंचवीस वर्षांत पद्धतींची, पुस्तकांची आणि प्रमाणपत्रांची मोठी बाजारपेठ मिळाली. गुरुग्राम-नोएडात, तसंच हिंजवडी-खराडीत, असंख्य मराठी मुलंमुली या पद्धतींच्या भाषेत रोज बोलतात. ‘आमचं त्यांच्यावर अडकलंय’ हे वाक्य मी दिल्लीत हिंदीत, पुण्याच्या कॉलवर मराठीत आणि क्लायंटसमोर इंग्रजीत इतक्यांदा ऐकलं आहे, की हा सगळा प्रश्न त्या वाक्यापासून तपासावा असं मला वाटतं. कोण अडकलंय, कुणावर, आणि हे ऐकणारं कुणी आहे का?

या पद्धती ज्या विचारातून आल्या त्या ॲजाइलचं वचन मुळात छोट्या टीमपुरतं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटाच्या स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यामागे तोवरचा अनुभव होता. ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त नवी उत्पादनं घडवणाऱ्या संघांना रग्बीची उपमा दिली होती आणि केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये स्क्रमची पद्धत मांडली होती. माणसं थोडी, एकमेकांना दिसतील अशी बसलेली, थोडं काम करून दाखवणारी आणि लगेच सुधारणारी. स्क्रमच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही टीम साधारण दहा जणांची किंवा त्याहून लहान असावी असं म्हटलं आहे. पण अशा तीस टीम एकाच उत्पादनावर बसवल्या तर काय करायचं, याबद्दल त्या जाहीरनाम्यात काहीच नाही.

ही अडचण ॲजाइलच्या आधीची. आयबीएममध्ये ओएस/३६० ही अजस्र प्रणाली घडवण्याचं काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात एक साधं गणित मांडलं. सात माणसांत बोलण्याच्या जोड्या एकवीस होतात. पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. माणसं सातपट, जोड्या अठ्ठावन्नपट. छोट्या टीम करण्यामागचं खरं कारण हे गणित आहे: जोड्या टीमच्या भिंतीआड कोंडायच्या. पण टीमनाही एकमेकींशी बोलावं लागतं. बारा टीम म्हणजे सहासष्ट जोड्या, आणि प्रत्येक जोडीत दोन वेगळ्या घाई, दोन वेगळे बॅकलॉग म्हणजे बाकी कामांच्या याद्या, दोन वेगळे साहेब.

पुढच्या सगळ्या पद्धती या सहासष्टांशी कशा झुंजतात, हे समजायला संघटनाशास्त्रातली एक जुनी मांडणी मला सर्वांत उपयोगी पडली. जेम्स थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये परस्परावलंबनाचे तीन प्रकार सांगितले. ते मला पुस्तकापेक्षा दिल्लीत आमच्या घराजवळच्या हिंदूराव रुग्णालयाकडे बघून जास्त कळले. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सगळे विभाग एकच रक्तपेढी वापरतात. त्यांना एकमेकांशी फारसं बोलावं लागत नाही. रक्ताचे नियम ठरलेले असले की पुरतं. हा पहिला प्रकार. केसपेपर काढणं, ओपीडी, रक्ततपासणी, पुन्हा ओपीडी ही दुसरी तऱ्हा. इथे एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं सुरू होत नाही, म्हणून वेळापत्रक लागतं. आणि ऑपरेशन थिएटर ही तिसरी. भूल देणारा आणि शस्त्र चालवणारा दोघंही क्षणोक्षणी एकमेकांप्रमाणे आपलं काम बदलतात. तिथे नियम आणि वेळापत्रक अपुरं पडतं. एका खोलीत उभं राहून बोलावंच लागतं. समन्वयाची किंमत पहिल्या प्रकारात सर्वांत कमी, तिसऱ्यात सर्वांत जास्त.

पुढे १९७६ मध्ये व्हॅन डे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला जोड दिली: काम जितकं अनिश्चित, तितकी माणसं नियम आणि योजनांकडून समोरासमोरच्या बोलण्याकडे आणि गटाच्या बैठकींकडे वळतात. या दोन मांडण्या हातात धरल्या की कोणत्याही कंपनीच्या लाल धाग्यांकडे पाहून विचारता येतं, हा धागा रक्तपेढीचा, ओपीडीचा की थिएटरचा? बहुतेक कंपन्या सगळ्या धाग्यांना एकच औषध देतात: आणखी एक बैठक.

त्या बैठकींत सर्वांत जुनी ‘स्क्रम ऑफ स्क्रम्स’. प्रत्येक टीमचा एक प्रतिनिधी येतो आणि आमचं काय झालं, काय होणार, कुठे अडलं हे सांगतो. सदरलँड यांनी २००१ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं आणि ती सगळीकडे पसरली. तीन-चार टीमपर्यंत ती चांगली चालते. फिनलंडच्या मारिया पासिवारा, कॅस्पर लासेनियस आणि व्हिले हेइकिला यांनी २०१२ मध्ये अनेक देशांत विखुरलेल्या मोठ्या प्रकल्पांत या बैठकीचं नेमकं काय होतं ते तपासलं. टीम खूप असल्या की ती मोडकळीला येते, असं त्यांना दिसलं. बहुतेकांना बहुतेकांच्या कामात रस नसतो. काय सांगण्याजोगं आहे हे सांगणाऱ्याला कळत नाही. मग माणसं ‘विशेष काही नाही’ म्हणून मोकळी होतात. एकाच फीचरवर काम करणाऱ्या टीमपुरती छोटी बैठक घेतली तिथे मात्र ती उपयोगी पडली. माझा अनुभव याहून वेगळा नाही. तीस जणांच्या कॉलवर आपली अडचण सांगणं हे धाडसाचं काम आहे, आणि सकाळी साडेनऊला ते धाडस फारसं कुणाकडे नसतं.

लाल धाग्यांची भिंत आली सेफ या पद्धतीतून. डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये ती मांडली आणि आज मोठ्या कंपन्यांत ती फार पसरलेली आहे. पन्नास ते सव्वाशे माणसांची एक ‘रिलीज ट्रेन’, आठ ते बारा आठवड्यांचं एक आवर्तन, त्याच्या सुरुवातीला सगळ्यांनी एकत्र बसून दोन दिवसांचं नियोजन, आणि शेवटी हाताची बोटं वर करून ‘ही योजना पुरी होईल’ यावर किती विश्वास आहे ते दाखवणं. स्क्रमच्या जनकांपैकी श्वाबर यांनी २०१३ मध्येच तिच्यावर उघड टीका केली. छोट्या टीमच्या हातचे निर्णय पुन्हा वर नेणारी ही रचना आहे, हा अनेक जुन्या ॲजाइलवाल्यांचा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. तरी माझं मत त्यांच्याइतकं कडक नाही. ते दोन दिवस मी अनेकदा अनुभवले आहेत. ज्यांची नावं फक्त टिकटावर, म्हणजे कामाच्या नोंदीवर, वाचली ती माणसं चहाच्या टेबलावर भेटतात, आणि पुढच्या तीन महिन्यांत मेल न करता फोन करण्याइतकी ओळख होते. सेफचा दोष मला दुसरीकडे दिसतो. धागे दिसतात, पण ते कापायची मुभा त्या हॉलमध्ये कुणाकडेच नसते. लॉगिनच्या टीमवर पुढच्या वेळीही तितकेच धागे येतात.

क्रेग लार्मन आणि बास वोड्डे यांची ‘लेस’ ही पद्धत बरोबर उलट टोकाची. २००५ पासून नोकियाच्या दूरसंचार विभागासारख्या ठिकाणी काम करताना ती आकाराला आली. त्यांचं म्हणणं असं की टीम वाढल्या म्हणून पदं, बैठका आणि थर वाढवू नका. आठ टीमपर्यंत एकच बॅकलॉग आणि त्यातलं आधी काय करायचं ते ठरवणारा एकच प्रॉडक्ट ओनर ठेवा, आणि टीम भागांनुसार कापू नका. प्रत्येक टीमला ग्राहकाच्या गरजेपासून चालू फीचरपर्यंत सगळं करता आलं पाहिजे, त्यासाठी लागेल त्या कोडला हात लावता आला पाहिजे. वाचायला ही पद्धत फार पटते. करायला गेलं की मधल्या व्यवस्थापकांच्या खुर्च्या, ‘माझा मॉड्यूल’ ही भावना आणि वर्षानुवर्षांचं ज्ञान एकेका माणसाच्या डोक्यात असणं, या तिन्हींशी एकदम भांडावं लागतं. श्वाबर यांचीच २०१५ ची ‘नेक्सस’ पद्धत तीन ते नऊ टीमपुरती आहे. एकत्रित काम खरंच जुळतंय का हे पाहणारी वेगळी इंटिग्रेशन टीम हा तिचा कणा. तिच्यावर इथे याहून जास्त थांबत नाही.

स्पॉटिफायची गोष्ट सर्वांत जास्त नकलली गेली. हेन्रिक क्नीबर्ग आणि आंडर्स इवार्सन यांनी २०१२ मध्ये त्या संगीत कंपनीतल्या टीमची रचना सांगणारा लेख लिहिला. टीमला स्क्वॉड, स्क्वॉडच्या समूहाला ट्राइब, एकाच कसबाच्या माणसांच्या गटाला चॅप्टर आणि आवडीच्या विषयावर जमणाऱ्यांना गिल्ड. हे आमच्या आजच्या कामाचं एका क्षणाचं चित्र आहे, पुढे बदलत जाईल, असं लेखकांनी सांगितलं होतं. जगाने नावं उचलली. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातली सुमारे साडेतीन हजार माणसं साधारण साडेतीनशे स्क्वॉड आणि तेरा ट्राइबमध्ये बसवली, आणि नुसती नावं बदलून न थांबता लोकांना नव्या रचनेत आपल्या जागेसाठी पुन्हा अर्ज करायला लावले. आपल्याकडे दिल्ली-पुण्यात बरेचदा विभागाच्या पाटीवर ‘ट्राइब’ लिहिलं गेलं आणि विभाग तसाच राहिला.

मग यातली कोणती पद्धत खरी उपयोगी, याचा पुरावा काय? किम डिकर्ट, पासिवारा आणि लासेनियस यांनी २०१६ मध्ये तोवरचं साहित्य धुंडाळलं: बावन्न लेख, बेचाळीस संस्था. त्यांत बहुतेक लेख म्हणजे काम केलेल्यांनी स्वतः सांगितलेले अनुभव. बाहेरच्या अभ्यासकाने तपासलेलं थोडं. यशाची कारणं म्हणून पुन्हापुन्हा आलं ते वरिष्ठांचा पाठिंबा, शिक्षण आणि पद्धत आपल्याला साजेशी कापून घेणं. ‘अमुक पद्धत घ्या, काम होईल’ असं सांगणाऱ्या प्रत्येकासमोर हा आढावा ठेवावा.

पद्धती बाजूला ठेवून मी कोडकडे वळते, कारण धागे तिथेच जन्मतात. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं की संस्था जी प्रणाली घडवते तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या बोलण्याच्या वाटांचा ठसा उमटतो. उलटही तितकंच खरं: एकदा प्रणाली तशी बांधली की पुढची वीस वर्षं माणसांनी कुणाशी बोलायचं ते ती ठरवते. मी रोज पुल बंगशला लाल लाइनच्या मेट्रोत चढते, कश्मीरी गेटला पिवळीत बसते आणि सिकंदरपूरला रॅपिड मेट्रोसाठी उतरते. कश्मीरी गेटला लाल, पिवळी आणि जांभळी अशा तीन लाइन भेटतात. लाल आणि पिवळी ब्रॉडगेज आहेत, कारण सुरुवातीला रेल्वे मंत्रालयाच्या आग्रहाने तसं ठरलं. जांभळी नंतरची, स्टँडर्ड गेजची. पिवळीची गाडी जांभळीच्या रुळांवर कधीच जाणार नाही. कितीही बैठका घेतल्या तरी ते जमणार नाही. माणसांनीच जिने चढायचे. दोन टीमच्या डेटाबेसमध्ये ग्राहकाचा क्रमांक दोन वेगळ्या रीतींनी ठेवला गेला असेल, तर त्यांच्यातली दर आठवड्याची बैठक म्हणजे हेच जिने.

म्हणून ज्यांनी हा प्रश्न सर्वांत खोलवर सोडवला, त्यांनी आधी रूळ बदलले. ॲमेझॉनमध्ये दोन पिझ्झांत जेवेल एवढीच टीम ठेवायची, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या जोडीची दुसरी आज्ञा कमी ठाऊक आहे: प्रत्येक टीमने आपला डेटा आणि काम ठरलेल्या इंटरफेसमधूनच द्यायचं, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये मागच्या दाराने शिरायचं नाही. तिथे काम केलेल्या स्टीव्ह येगी यांनी २०११ मध्ये लिहिल्यामुळे ही हकीकत बाहेर आली. दुसऱ्या टीमशी बारीकसारीक जुळवाजुळव न करता आपल्या टीमला बदल करता, तपासता आणि डिप्लॉय करता येतो का, हा प्रश्न निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ च्या ‘ॲक्सेलरेट’ या पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. ज्यांना येतो, त्या संस्था लवकर आणि सुरक्षितपणे सॉफ्टवेअर बाहेर काढतात, असा त्यांच्या सर्वेक्षणांचा निष्कर्ष.

आपल्या देशात याचं सर्वांत मोठं उदाहरण दिल्लीत मुख्यालय असलेल्या आधार प्राधिकरणाचं आहे, आणि त्याची पहिली खूण मात्र महाराष्ट्रात उमटली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. एप्रिल २०१६ पर्यंत शंभर कोटी. नोंदणी करणारे कोण? राज्य सरकारं, बँका, आणि त्यांनी नेमलेल्या कितीतरी संस्था. एकमेकांना न ओळखणारे. त्यांना रोज एकमेकांशी बोलायला लावलं असतं तर टेंभलीच्या पुढे गाडी सरकली नसती. नोंदणीचं सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच, माहितीचं पाकीट एकाच रीतीने बंद करायचं, मध्यवर्ती ठिकाणी पाठवायचं. थॉम्पसनच्या भाषेत हे रक्तपेढीचं नातं. आधारवरच्या वादांबद्दल इथे बोलत नाही. समन्वयाची गरजच कमी करण्याचा हा नमुना मात्र नीट पाहण्यासारखा आहे.

आणि मुंबईचे डबेवाले. त्यांच्याबद्दल इतकं कौतुक लिहिलं गेलंय की त्यांच्या कामाची रचना मागे पडते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेलं हे काम पुढे सुमारे पाच हजार माणसांपर्यंत वाढलं. त्यांतले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागांतले. हार्वर्डच्या स्टेफान थॉमके यांनी २०१२ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा साधारण पंचवीस जणांचे जवळजवळ दोनशे गट होते. प्रत्येक गट आपले ग्राहक, आपले हिशेब, आपली भांडणं स्वतः बघतो. मुकादम असतो, पण तोही डबे उचलतो. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा असतात, कुणी आजारी पडलं की ती सायकल घेतात. दोन गटांमध्ये जाणारा निरोप डब्याच्या झाकणावरच रंगवलेला: मधला मोठा आकडा पोचण्याचा भाग, कडेची अक्षरं इमारत आणि मजला, रंग आणि चिन्ह निघाल्याच्या स्टेशनचं. दादरच्या फलाटावर डबे हातोहात बदलतात तेव्हा कुणी कुणाला फोन करत नाही. जे सांगायचं ते डबाच सांगतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी इथून दोन गोष्टी घ्याव्यात. निरोप कामावरच लिहिलेला हवा, वेगळ्या बैठकीत नको. आणि जादा माणूस हवा. आमच्या लॉगिनच्या टीममध्ये सातही जण शंभर टक्के भरलेले होते. त्यामुळे इतर दहा टीमपैकी कुणाचीही छोटी विनंती म्हणजे तीन आठवड्यांची रांग. शंभर टक्के कामाला लावलेला माणूस हिशेबाच्या तक्त्यावर स्वस्त दिसतो, रांगेतल्यांना तो महाग पडतो. मात्र डबेवाल्यांची तुलना इथपर्यंतच चालते. त्यांचं आजचं काम कालच्यासारखं असतं. आमचं नसतं. थिएटरमधला धागा झाकणावरच्या चिन्हाने सुटत नाही.

त्या तिसऱ्या प्रकारच्या धाग्यांसाठी मला सर्वांत शिकवणारा अभ्यास नॉर्वेचा वाटतो. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाने २००८ ते २०१२ या काळात नवी प्रणाली बांधली. भर कामात बारा टीम, सुमारे पावणेदोनशे माणसं. काही फंडाची, बाकी दोन सल्लागार कंपन्यांची. टोर्गेर डिंगसोयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा सविस्तर अभ्यास केला. सगळे एका मोठ्या मोकळ्या मजल्यावर बसत. सुरुवातीला ठरलेल्या बैठका पुष्कळ होत्या. काम पुढे सरकलं, माणसं एकमेकांना ओळखू लागली, तशा त्या बैठका विरळ होत गेल्या आणि टेबलाशी जाऊन बोलणं वाढलं. समन्वयाची रीत वर्षागणिक बदलली, आणि ती बदलू दिली गेली. आपल्याकडे एकदा कॅलेंडरवर चढलेली बैठक मी उतरताना फार कमी पाहिली आहे.

पण एक मजला हे आपलं वास्तव नाही. आमच्या अकरांपैकी सहा टीम गुरुग्रामला, तीन पुण्यात, दोन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. न्यूयॉर्क आणि दिल्ली यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहाचं. दोघांच्या जागेपणाचा सामाईक तुकडा पडतो तो आपल्या संध्याकाळी. त्यामुळे टेबलाशी जाऊन बोलणं म्हणजे साडेसातचा कॉल, आणि तो कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, मुलांच्या अभ्यासाच्या वेळी येतो. या विषयावरच्या पुस्तकांत हा खर्च कुठल्याच रकान्यात नाही. मी ज्यांच्याबरोबर काम केलं, त्यांतल्या तीन हुशार मुलींनी समन्वयाची जबाबदारी याच वेळेमुळे सोडली. टीम कशा कापायच्या हे ठरवताना ज्यांच्यात थिएटरचा धागा आहे त्यांना एका शहरात ठेवणं, ही माझ्या मते पहिली अट असायला हवी. मग पद्धत कोणतीही घ्या.

इतकं सगळं केल्यावरही धागे उरतात. त्यांचं काय होतं, हे अडलेल्या टीमचा आवाज कुठवर पोचतो यावर ठरतं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेची आरोग्य विम्याची वेबसाइट सुरू झाली. पंचावन्न कंत्राटदार होते, सगळ्यांचं काम जुळवण्याची जबाबदारी पेलणारी अनुभवी कंपनी नव्हती, आणि पहिल्या दिवशी सहा माणसांची नोंदणी पुरी झाली. त्याच वर्षीच्या वसंतात सल्लागारांनी धोके लिहून दिले होते. म्हणजे माहिती होती. कामाला थांबवेल इतकी ती जोरात वाजली नाही.

माझ्याच हातून हे घडलं आहे. एका कंपनीत असताना पुण्याच्या टीमने पैसे परत करण्याच्या संदेशातलं एक फील्ड बदललं आणि आमच्या भागाला ते झेपणार नाही, असं रीतसर टिकटावर लिहिलं. टिकट ‘जिरा’ या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन आठवडे होतं. त्यावर ‘डिपेन्डन्सी’ असा लाल ठिपका होता. मी त्या आठवड्यांत ते चार वेळा पाहिलं, आणि दर वेळी मला वाटलं की ठिपका लागला म्हणजे कुणीतरी बघत असेल. रिलीजच्या रात्री दोन वाजता सगळं मागे घ्यावं लागलं. ज्या मुलाने टिकट लिहिलं होतं तो कॉलवर होता. तो एक शब्द बोलला नाही. त्याने आधी सांगितलेलं होतं.

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला दोर ओढून लाइन थांबवता येते, हे सगळे सांगतात. मला त्याहून जवळचं उदाहरण आहे आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीचं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त दिली. ते शिंद्यांच्या दरबारी होते. सरदारी फौजेची घडी ज्याने पाहिली होती त्या माणसाने वारकऱ्यांचा मेळा लावला: रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे बाकीच्या, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचा विणेकरी, स्वतःचं जेवणखाण आणि तंबू स्वतः बघणारी. इथवर ते डबेवाल्यांसारखंच. पण संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदार चोप वर करतो. त्याक्षणी सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र थांबत नाही, वाजवत राहते. त्या शांततेत तिचा एकटीचा टाळ सगळ्या तळाला ऐकू येतो. चोपदार तिच्याकडे चालत जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो किंवा वचन देतो. तोवर आरती सुरू होत नाही.

या रीतीत काय काय आहे ते पाहावं. ती रोज होते, तीन महिन्यांनी नाही. ज्यांची तक्रार नाही त्यांना काहीच सांगावं लागत नाही; गप्प राहणं हाच त्यांचा अहवाल. अडलेल्याला हात वर करून परवानगी मागावी लागत नाही, कारण नुसतं न थांबणं पुरतं. ऐकणाऱ्याच्या हाती अधिकार आहे आणि तोच उठून जातो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाकीच्यांचं काम तोवर खोळंबतं, म्हणून ते लवकर सुटावं यात सगळ्यांचाच जीव असतो. सेफमध्ये नाही, स्क्रम ऑफ स्क्रम्समध्ये नाही, स्पॉटिफायच्या चित्रात तर नाहीच नाही: हे पाचही गुण एकत्र असलेली बैठक मला कुठल्या पद्धतीत सापडली नाही.

सध्या जिथे आहे तिथे गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक प्रयोग करतो. रोज दुपारी चार वाजता पंधरा मिनिटं कॉल उघडा असतो. ज्याचं अडलंय त्यानेच यायचं. समोर सगळ्या विभागांच्या वतीने निर्णय घेऊ शकणारी एक व्यक्ती बसते, आणि त्या निर्णयात रिलीज पुढे ढकलणंही येतं. पहिल्या महिन्यात रोज तीन-चार टीम यायच्या. लॉगिनच्या टीमवरचे धागे तिथेच मोजले गेले, आणि दिवाळीआधी तिला दोन माणसं जादा मिळाली. नंतर गर्दी कमी झाली. त्याचा अर्थ अडचणी कमी झाल्या असा मी लावत होते.

गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस कॉलवर कुणीच आलं नाही. चौथ्या दिवशी मी पुण्याला फोन केला. पलीकडचा मुलगा नवा होता. सगळं ठीक आहे का, विचारलं, तर म्हणाला, “हो ताई, ठीक आहे. एक छोटंसं आहे, पण ते टिकटावर टाकलंय.”

मी म्हटलं, चार वाजायला दहा मिनिटं आहेत, ये.